विश्लेषण : नवी छोटी एसयूव्ही की जुनी मोठी? निर्णय ठरवते तिसरी रांग!

घरात आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा. बजेट साधारण १२ लाखांचे. एवढ्या पैशात चार मीटरच्या आतली नवी कोरी एसयूव्ही येते, पण तिच्यात पाचच जण बसतात. त्याच पैशात पाच-सहा वर्षे वापरलेली सात आसनी डिझेल एसयूव्हीही मिळते. तिच्यात सगळे घर मावते आणि घाटात इंजिनचा जोरही जाणवतो. मग नवी छोटी घ्यावी की जुनी मोठी? जीएसटीचे नवे दर, डिझेलबाबतची धास्ती आणि सुरक्षेचे बदललेले नियम यांमुळे या प्रश्नाचे उत्तर काही वर्षांपूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

हा प्रश्न आता नव्याने का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरील जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांवर पूर्वी उपकरासह २९ ते ३१ टक्के कर होता, तो १८ टक्क्यांवर आला. मोठ्या एसयूव्हींवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत कर लागत असे. आता उपकर काढून सरसकट ४० टक्के आकारला जातो. त्यामुळे नव्या छोट्या गाड्या बऱ्याच स्वस्त झाल्या.

याचा परिणाम जुन्या बाजारावरही होतो. जुन्या गाडीचा भाव शेवटी नव्या गाडीच्या भावाकडे पाहूनच ठरतो. नवीची किंमत उतरल्यावर जुनीसाठी आधीचाच भाव मागणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करायला ग्राहकाकडे भक्कम कारण असते.

‘छोटी’ म्हणजे नेमकी कोणती?

केवळ लांबी पाहून चालत नाही. १८ टक्क्यांच्या दरासाठी गाडी चार मीटरच्या आत हवी. शिवाय पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत हवे. टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ या गाड्या या व्याख्येत बसतात. मारुती ब्रेझाही चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन जवळपास दीड लिटरचे असल्याने तिच्यावर ४० टक्के दर लागतो. दोन गाड्यांची तुलना करताना ही बाब लक्षात घ्यायला हवी.

वापरलेल्या गाडीवर किती कर?

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत डीलरकडून घेतल्यास १८ टक्के जीएसटी असतो, पण तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून डीलरच्या नफ्यावर असतो. डीलरने ९ लाखांना घेतलेली गाडी १० लाखांना विकली, तर कर त्या एका लाखापुरताच असतो. ‘दहा लाखांवर १८ टक्के वेगळे’ असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे.

जुन्या गाडीचा खरा फायदा रस्ता कराचा आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या खासगी डिझेल गाडीवर १४ टक्के एकरकमी कर लागतो. १८ लाखांच्या गाडीवर तो अडीच लाखांहून अधिक होतो. हा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो. सुरुवातीच्या वर्षांतली किमतीची मोठी घसरणही त्यानेच सोसलेली असते.

पाच वर्षांचा हिशेब काय सांगतो?

समजण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. यातील आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे टाकून हाच हिशेब करून पाहावा.

नवी गाडी : शोरूम किंमत १० लाख. पेट्रोलवर ११ टक्के दराने १ लाख १० हजार रस्ता कर, विमा आणि इतर खर्च ६० हजार. एकूण ११ लाख ७० हजार.

जुनी गाडी : किंमत १० लाख ७० हजार. नाव हस्तांतर, विमा, टायर, बॅटरी आणि सुरुवातीची दुरुस्ती यांसाठी एक लाख. एकूण तेवढेच, ११ लाख ७० हजार.

पाच वर्षांनी दोन्ही गाड्या ५ लाख ७० हजारांना विकल्या गेल्या असे मानू. म्हणजे दोन्हीकडे ६ लाख गेले. वर्षाला १० हजार किलोमीटर वापर, नवी पेट्रोल गाडी लिटरला १४ आणि जुनी डिझेल १२ किलोमीटर देते, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९० रुपये धरले, तर पाच वर्षांचे इंधनही दोन्हीकडे पावणेचार लाखांच्या आसपास येते.

फरक पडतो तो इतर तीन ठिकाणी.

पहिला, कर्ज. जुन्या गाडीसाठी व्याजदर सहसा जास्त असतो. पाच वर्षांसाठी ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतल्यास हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. तेच १३ टक्क्यांनी घेतल्यास हप्ता १८,२०० रुपये आणि व्याज २ लाख ९२ हजार. फरक ९६ हजारांचा.

दुसरा, देखभाल. नवीसाठी वर्षाला १५ हजार आणि जुनीसाठी ४५ हजार धरल्यास पाच वर्षांत दीड लाखाचा फरक.

तिसरा, विमा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, तर १५०० सीसीवरील गाडीचा ७,८९७ रुपये आहे. नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा खरेदीवेळीच भरलेला असतो. त्यामुळे पुढच्या खर्चात साधारण २५ हजारांचा फरक पडतो. अपघातातील स्वतःच्या नुकसानीचा विमा दोन्हीकडे सारखा धरला आहे.

तिन्ही मिळून सुमारे २ लाख ७० हजार. वर्षाला ५४ हजार, महिन्याला साडेचार हजार. जुन्या गाडीतल्या जास्तीच्या दोन आसनांची ही किंमत आहे.

किंमत निम्मी, मग खर्च निम्मा का नाही?

कारण गाडी जुनी झाली तरी तिचे सुटे भाग जुन्या भावाने मिळत नाहीत. वीस लाखांना विकली गेलेली गाडी आज दहा लाखांना मिळते, पण तिचा टर्बो, इंजेक्टर, क्लच, सस्पेन्शन आणि टायर हे वीस लाखांच्या गाडीचेच असतात. त्यांचा खर्चही त्याच वर्गातला येतो. शिवाय पाच-सहा वर्षांनंतरच हे भाग एकेक करून बदलायला येतात. पहिल्या मालकाने गाडी विकण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये आणखी एक मुद्दा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या या निकषांमुळे डिझेल गाड्यांच्या धूरनळीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. रोज तीन-चार किलोमीटर शाळा आणि बाजार एवढाच वापर असेल तर हा फिल्टर तुंबतो आणि तो बदलणे महागात पडते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या कुटुंबाने जुनी डिझेल घेण्याआधी याचा विचार करायला हवा.

सुरक्षेत किती फरक?

मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज सरसकट खरा नाही. येथे गाडीच्या आकाराइतकेच तिचे वर्षही महत्त्वाचे आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅगची सक्ती त्यानंतर, २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ ही देशातली क्रॅश चाचणी योजना सुरू झाली.

म्हणजे २०१८ ची मोठी, भारदस्त एसयूव्ही खालच्या व्हेरिएंटमध्ये असेल, तर तिच्यात आजच्या छोट्या गाडीपेक्षा कमी एअरबॅग असू शकतात. त्यामुळे मॉडेलच्या नावावर न जाता, समोर उभ्या असलेल्या गाडीचे वर्ष आणि व्हेरिएंट पाहावे. तिसऱ्या रांगेत तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि हेडरेस्ट आहेत का, हेही पाहावे. तिथे बहुतेक वेळा मुलेच बसणार असतात.

डिझेलवर बंदी येणार का?

दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करण्यास तात्पुरता मज्जाव केला आणि डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरता मर्यादित केला.

महाराष्ट्रात असा दहा वर्षांचा नियम नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र मुंबईतील पेट्रोल व डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. मुंबई परिसरात राहणाऱ्यांनी पाच वर्षांनंतरची विक्री किंमत धरताना हात थोडा आखडता घेतलेला बरा.

दिल्लीच्या नियमांमुळे तिथल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. पण परराज्यातली गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर मूळ आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार इथला रस्ता कर, हे सगळे आले. तो खर्च मिळवल्यावर ‘दोन लाखांनी स्वस्त’ गाडी तेवढी स्वस्त उरत नाही.

जुन्या पेट्रोल एसयूव्हीचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल गृहीत धरून बनवल्या जातात. त्याआधीच्या गाड्यांचे मायलेज अशा पेट्रोलवर काही प्रमाणात घटू शकते. डिझेल गाड्यांचा या मिश्रणाशी संबंध नाही.

जुनी घ्यायचीच असेल तर काय तपासावे?

कागदपत्रे : वाहन पोर्टल किंवा एम-परिवहन ॲपवर मालकाचा क्रमांक, कर्जाची नोंद, विमा आणि पीयूसी पाहावी. प्रलंबित ई-चलन स्वतंत्रपणे तपासावे. कर्जाची नोंद असल्यास बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.

विमा : गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. आपली आधीची गाडी विकली असेल तर आपला बोनस मात्र या गाडीला वापरता येतो.

पुराचे पाणी : कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा पूर आठवून पाहावा. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेषा, गालिच्याखालचा गंज आणि कुबट वास तपासावा.

इंजिन : गाडी थंड असतानाच सुरू करून पाहावी. ‘आधीच गरम करून ठेवली आहे’ असे असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. स्कॅनर लावून त्रुटींचे कोड तपासावेत आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागावा. किलोमीटरचा आकडा या नोंदींशी जुळला पाहिजे. टायरवरचा चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो.

मग कोणी कोणती घ्यावी?

वर्षाला ५४ हजारांच्या जास्तीच्या खर्चाकडे पुन्हा पाहू. सात आसनी गाडी चालकासह भाड्याने घेतली आणि दिवसाला ६ हजार धरले, तर या पैशात वर्षातले नऊ दिवस निघतात. गणपतीत कोकणात जाणे, एखादे लग्न आणि एक देवदर्शन एवढ्यापुरतीच तिसरी रांग लागत असेल, तर नवी छोटी गाडी घेऊन त्या दिवसांपुरती मोठी भाड्याने घेणे परवडते. सणाच्या दिवसांत भाडे वाढते, हे खरे. पण बहुतेकदा त्या भाड्यात इंधन आणि चालकही आलेला असतो.

याउलट दर शनिवारी-रविवारी सहा जण गावी जात असतील, महामार्गाचा वापर जास्त असेल आणि एकदम ५०-६० हजारांची दुरुस्ती निघाली तरी घराचे गणित बिघडणार नसेल, तर नीट तपासून घेतलेली २०२० नंतरची जुनी मोठी गाडी हा शहाणपणाचा व्यवहार ठरू शकतो. दुरुस्तीसाठी हाताशी पैसे न ठेवता सगळे बजेट खरेदीतच संपवणाऱ्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

पैसे देण्याआधी आणखी एक चाचणी करावी, तिला काहीच खर्च येत नाही. सगळ्या घराला घेऊन गाडी पाहायला जावे आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवर बसवून पाहावे. अनेक सात आसनी गाड्यांत तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट दुमडून वाकून चढावे लागते. गुडघे दुखणारे आजी-आजोबा तिथे बसणार नाहीत, ते मधल्या रांगेतच बसतील. मागे मुले बसली की सामानाला जागा उरत नाही. सहा जण आणि त्यांच्या बॅगा खरोखर मावल्या, तरच ती गाडी त्या कुटुंबासाठी सात आसनी आहे.