बोलायची सोय

"हल्ली काही बोलायची सोयच राहिलेली नाही," असं आमच्या टेकडीमंडळातले निवृत्त बँकवाले काका सोमवारी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी म्हणाले आणि थेट खाणीपर्यंत एकटेच बोलत राहिले. विषय समलिंगी विवाहाचा. मध्ये कुणी तोंड उघडलंच, तर "मला पुरं करू द्या." जुन्या वाचकांना हे काका ठाऊक आहेत. हेल्मेटसक्तीवरचं त्यांचं मत ऐकून मंडळातल्या दोघांनी टेकडीच बदलली होती.

ज्यांनी पेपर नुसता चाळला त्यांच्यासाठी: १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं, की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. निदान सहजीवनाला कायद्यानं ओळख द्यावी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणाले, उरलेल्या तिघांना ते पटलं नाही. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात केंद्रानं मात्र कळवलं, की रेशनकार्डासाठी असे जोडीदार एका घरातले धरावेत, आणि बँकेत संयुक्त खातं उघडायलाही आडकाठी नाही.

म्हणजे गहू-तांदूळ एकत्र, बचत एकत्र, लग्न तेवढं नाही. बँकेचं नाव निघाल्यावर काका जरा सैल झाले. "खात्याचं काय, केवायसी झालं की झालं."

खरी गंमत आमच्या सोसायटीत आहे. भाडेकरूंच्या अर्जात 'एकमेकांशी नाते' असा एक रकाना आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघींनी तिथे काय लिहावं याचा घोळ झाला, तेव्हा एजंटानेच तोडगा काढला: "मावसबहिणी लिहा ना, मॅडम." कमिटी खूश. आता दोघींची आडनावं, गावं, भाषा, काहीच जुळत नाही आणि घरात पलंग एकच आहे, हे सोफा वर चढवणाऱ्या हमालांपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी होळीला पुरणपोळ्या तिसऱ्या मजल्यावर जातात. मावसबहिणींबद्दल कुणाचंच काही मत नसतं. मागच्या महिन्यात मात्र त्यातल्या एकीनं तो रकाना दुरुस्त करून मागितला, आणि ज्यांनी पाण्याच्या टाकीसाठी कधी सभेला तोंड दाखवलं नाही अशा अकरा जणांना एकदम विचारस्वातंत्र्य आठवलं. "आम्हाला आमचं मत असू शकत नाही का?" असू शकतं की. पण ते दुसऱ्याच्या अर्जावर कशाला?

मत मांडण्याची किंमत कुणी मोजली, तर ती र. धों. कर्व्यांनी. धोंडो केशवांचे हे चिरंजीव १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' काढत आणि वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं देत. त्यातली हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरची उत्तरं अश्लील ठरवून १९३४ साली मुंबईत खटला भरला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोनशे रुपये दंड झाला तो झालाच, पण मासिक थांबलं नाही. १९५३मध्ये कर्वे गेले तोवर निघत राहिलं. मला कुतूहल आहे ते प्रश्न धाडणाऱ्यांचं. त्या काळात पोस्टाचं तिकीट लावून असलं काही विचारायला किती रात्री काढल्या असतील! उत्तर देणाऱ्याला निदान वकील तरी होता.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. म्हणजे ऐकवायला घेतलं. कर्व्यांपर्यंत पोहोचलो तोच "पण संस्कृती..." म्हणून त्यांनी पुन्हा उचल खाल्ली, ती टेकडी उतरेपर्यंत.

खाली आल्यावर मात्र त्यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. कोथरूडचा त्यांचा फ्लॅट दिवाळीपासून रिकामा आहे. "त्या तुमच्या मावसबहिणी," आवाज उतरवून म्हणाले, "भाडं वेळेवर देतात का हो?"