तराजूत जाण्याआधी

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी माळे रिकामे होतात आणि रद्दी तराजूत जाते. तिच्यात जुने अंक असतात, प्रकाशन समारंभाच्या आमंत्रणपत्रिका असतात, पुस्तकांची जाहिरात करणारी पत्रकं असतात. वजनापलीकडे त्यांची किंमत कुणी करत नाही. पण १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाने कितीतरी साहित्य पहिल्यांदा वाचलं ते अशाच, पुढे रद्दीत जाणाऱ्या कागदावर. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना म्हणूनच एक आग्रह धरावासा वाटतो. आधुनिक मराठी कवितेचा, विशेषतः अरुण कोलटकरांच्या कवितेचा, इतिहास ग्रंथालयातल्या बांधीव पुस्तकांत पुरता सापडत नाही. त्याचा मोठा भाग सुट्या कागदांवर आहे, आणि ते कागद जमवणं हे वाङ्मयाच्या अभ्यासाचंच काम आहे.

पुस्तकांची सालं पाहिली तरी हे ध्यानात येईल. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा पहिला मराठी संग्रह प्रास प्रकाशनाने १९७७ साली काढला. त्यानंतर जवळजवळ पाव शतक कोलटकरांचा मराठी संग्रह आला नाही. ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ २००३ साली आल्या, आणि २००४च्या सप्टेंबरात कवी गेला. पहिल्या संग्रहाच्या मागेही वीस-बावीस वर्षांचं लेखन उभं होतं. १९५४ साली मुंबईत दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि कोलटकर या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सुरू केलं ते सायक्लोस्टाइलवर. स्टेन्सिल कापायचं, यंत्र फिरवायचं, पानं टाचायची. छापखान्याचं बिल नाही आणि प्रस्थापित संपादकाच्या होकाराची वाट पाहणं नाही. अशोक शहाणे यांचं ‘असो’ याच वाटेवरचं. अशा अनियतकालिकांतून नवी कविता वाढली. कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’सुद्धा १९७६ साली पुस्तक होण्याआधी, १९७४ मध्ये, एका त्रैमासिकात छापून आली होती. नुसती पुस्तकं हाताशी असतील तर हा कवी दोनदाच दिसतो, आणि मधली सगळी वर्षं कोरी राहतात.

यावर पहिला आक्षेप असा की, कवीने शेवटी मान्य केलेली संहिता आपल्याकडे आहे, मग कपटे कशाला? एखाद्या कवीच्या बाबतीत हे चालेलही. कोलटकर मात्र जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नाव मिळवलेले. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल यांच्याबरोबर त्यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवींची प्रकाशनसंस्था उभी केली, तेव्हा तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठंही केली. अक्षराचं वळण, पानाचा आकार, मोकळी सोडलेली जागा हे सगळं त्यांच्या हातचं काम होतं. संग्रहातली ओळ नव्या आवृत्तीत जशीच्या तशी येते; तिच्याभोवतीचं पान तसं येतंच असं नाही. अंजली नेर्लेकर यांनी २०१६च्या ‘बॉम्बे मॉडर्न’ या पुस्तकात कोलटकरांचं द्विभाषिकपण अनियतकालिकांच्या आणि छपाईच्या आधारे उलगडलं. ग्रंथालयाच्या सूचीत मराठी कोलटकर एका कपाटात आणि इंग्रजी कोलटकर दुसऱ्या. हे कागद समोर ठेवले की एकाच शहरात, एकाच मित्रमंडळात दोन्ही भाषा नांदताना दिसतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या माणसाचा कागद न् कागद गोळा करणं ही त्याच्या खाजगीपणावर चाल नव्हे काय? इथे भेद करायला हवा. खाजगी पत्रं आणि वह्या यांचा निर्णय वारसांचा. पण अंक, पत्रक, मुखपृष्ठ हे लोकांसमोर येण्यासाठीच केलेलं होतं. संग्राहकांमुळे साहित्याचा बाजार होतो, असंही म्हटलं जातं. दुर्मीळ आवृत्तीला भाव येतो हे खरंच. त्यावर उपाय नोंदीचा. अंक कुठून, कुणाकडून, कधी मिळाला हे लिहून तो अभ्यासकांना खुला केला, तर तो ठेवा सर्वांचा होतो. कुलूपबंद ठेवला, तर घरात असूनही हरवल्यासारखाच.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा स्वतंत्र संग्रह उभारला आहे, याबद्दल कृतज्ञताच वाटते. पण तेवढ्याने आपण मोकळे होत नाही, कारण मराठी अनियतकालिकं मराठी घरांत विखुरलेली आहेत आणि काळ त्यांच्या विरुद्ध आहे. स्वस्त कागदातल्या आम्लाने पानं पिवळी पडतात, घडीवर तुटतात. दमट हवेत टाचण्या गंजतात, कसर लागते. म्हणून रद्दीवाला दारात येण्याआधी एकदा ढीग चाळून पाहा. ‘शब्द’, ‘असो’ किंवा तशाच घडणीचा एखादा अंक निघाला, तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. गंजलेली टाचणी हलकेच काढा, सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने साल आणि मूळ मालकाचं नाव लिहा, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला किंवा गावातल्या ग्रंथालयाला कळवा. कवितेचं एखादं कोरं वर्ष तेवढ्याने भरून निघू शकतं.