7 नंबरच्या सीटवरचा नायक

आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मे महिन्यात शिमला-कुलू-मनालीला गेल्या आणि कादंबरीकार होऊन परत आल्या. मनालीहून लोक शाल आणतात, सफरचंदाचा जॅम आणतात, बसलेला घसा आणतात. वहिनींनी नायक आणला. तेव्हापासून प्रतिलिपीवर त्यांची प्रेमकथा दर मंगळवारी आणि शुक्रवारी भागाभागानं येते. परवाच्या मंगळवारी अठरावा भाग आला तेव्हा आमच्या गॅसवर आमटी होती. आमटीचं पुढे काय झालं ते सांगत नाही. मी त्या रात्री दही-पोहे खाऊन झोपलो, आणि दही-पोह्यांवर झोपलेला मी दुसऱ्या दिवशी सदर लिहायला बसलो की काय होतं, ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

त्यांना हेही ठाऊक आहे की मुलुंड चेकनाका ओलांडायचा तर मला लग्नाची पत्रिका लागते, नाही तर डॉक्टरांची चिठ्ठी. त्यामुळे प्रवासावर बोलायचा मला अधिकार नाही, असं घरचं मत. वहिनींचंही म्हणणं तेच, "भावोजी, फिरल्याशिवाय सुचत नाही." मला हे मुळीच पटत नाही. फिरणाऱ्याला सुचायला वेळ कुठे असतो? सकाळी सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. प्रेमकथा सुचते ती घरी राहिलेल्याला.

पुरावे एका दमात देतो. मीना प्रभूंनी लंडनपासून तिबेटपर्यंत जग पालथं घातलं, जाडजूड पुस्तकं लिहिली, पण ती प्रवासवर्णनं. उलट मिल्स अँड बूनची व्हायोलेट विन्स्पिअर बघा. परदेशी किनाऱ्यांवरच्या गर्विष्ठ, सावळ्या नायकांवर तिनं ढिगानं कादंबऱ्या लिहिल्या, आणि बाई स्वतः इंग्लंडातच बसून होती. परदेश म्हणजे लायब्ररीतून घरी आणलेली पुस्तकं. आपल्याकडे ना. सी. फडके नोकरीपायी दिल्लीला, नागपूरला आणि पुढे कोल्हापूरला गेले. वर्गात शिकवायचे तत्त्वज्ञान आणि घरी लिहायचे प्रेम. त्याचं श्रेय रेल्वेला दिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 1857 सालची 'यमुनापर्यटन', ती तर नवरा-बायकोचीच सहल. पण यमुना-विनायकाला वाटेत भेटतात त्या विधवा आणि त्यांची दुःखं, आणि विनायक स्वतः कादंबरी संपेपर्यंत टिकत नाही. असलं पॅकेज आज कुणी विकून दाखवावं.

आमच्या मुलुंडला पश्चिमेला कालिदास नाट्यगृह आहे. तिथं नाटकाला जाणारे मध्यंतरातल्या बटाटावड्याची आठवण वर्षानुवर्षं काढतात, ज्याचं नाव दिलंय त्याची फारशी कुणी काढत नाही. वास्तविक या धंद्यातला आद्य पुरुष तोच. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर, म्हणजे पुष्कळांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकला, वर्षभराची शिक्षा भोगतोय. जागचा हलू शकत नाही. म्हणून ढगाला अलकानगरीपर्यंतचा सगळा रस्ता समजावून सांगतो. कुठे टेक, कुठल्या नदीचं पाणी पी, उज्जयिनी वाटेवर नाही तरी वाकडी वाट करून बघून घे. अर्धं काव्य म्हणजे नुसती आयटिनररी. यक्ष जातीनं गेला असता तर घरी पोहोचल्यावर बायकोला एवढंच म्हणाला असता, "उज्जैनचं हॉटेल काही खास नव्हतं."

वहिनींच्या नायकाबद्दल माझी तक्रार नाही. उंच आहे, निर्व्यसनी आहे, त्याला पुरणपोळी आवडते. माझा राग आहे तो सीट रोटेशनवर. मराठी टूरवर जाऊन आलेल्यांना हा प्रकार सांगायला नको. रोज सगळ्यांनी दोन-दोन रांगा पुढे सरकायचं, पुढच्यांनी शेवटी जायचं, म्हणजे पहिल्या सीटवरून भांडणं होत नाहीत. वहिनींचा नायक पहिल्या दिवशी 7 नंबरवर आणि नायिका 31वर. दोघंही रोज सारखंच सरकणार, तर शेजारी येणार कधी? मी वहीत बस काढून, रांगा मोजून बघितलं. शिमल्यापासून चंदिगडला परत येईपर्यंत ती दोघं एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. आणि ही बाई कुलूला तिसऱ्याच दिवशी त्यांना मांडीला मांडी लावून बसवते!

मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तिसऱ्या दिवशी घाट लागतो. एका आजींना उलटी होते, त्यांना पुढे बसवतात, नायक आपली जागा देतो." म्हणजे दोन जिवांचं मीलन आजींच्या उलटीवर! फडक्यांना हे करवलं नसतं. बसमध्ये आल्याच्या वड्या फिरतात, लिंबू फिरतं, कुणीतरी खिडकी उघडा म्हणतं, कुणीतरी बंद करा म्हणतं, आणि या सगळ्यात नायिकेची बट उडते.

अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा. बस तो बघता बघता पार करते. नायिका आत दोन भाग लाजते. इथवरही चालवून घेतलं असतं. पण टूर संपली, सगळे आपापल्या घरी गेले आणि सोळाव्या भागात कळलं की नायिका बोरिवलीची आणि नायक मुलुंडचा. वहिनी, त्यापेक्षा मनाली सोपी होती हो! नकाशात बघाल तर बोरिवली आणि मुलुंडच्या मध्ये नॅशनल पार्क आणि त्यातले बिबटे, एवढंच. पण जायचं तर दादरला गाडी बदला, नाही तर घोडबंदर रोडवर उमेदीची वर्षं घालवा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता 12.2 किलोमीटरचा व्हायचाय, त्यात पार्काखालून जुळे बोगदे आहेत. तो होईस्तोवर नायिकेच्या आईनं दहिसरचं स्थळ पक्कं केलेलं असेल. बोरिवलीकर स्वतःला वेस्टर्नचे समजतात. आमच्या मध्य रेल्वेवर मुलगी द्यायची म्हणजे त्यांना मुलगी परदेशी दिल्यासारखं वाटतं, फक्त त्यात परदेशाची प्रतिष्ठा नाही.

राहता राहिली मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही गाडी 2014 साली सुरू झाली आणि दोन रेल्वेंमध्ये सोयरीक जमायची थोडी आशा निर्माण झाली. वहिनींनी सतराव्या भागात दोघांना संध्याकाळी साडेसहाला घाटकोपरच्या जिन्यावर भेटवलंय. ती मेट्रोतून उतरतेय, तो मुलुंडहून उलटा येऊन वर चढतोय. गर्दीत तिची चप्पल जाते. तो तिचा हात धरतो. त्या जिन्यावर साडेसहाला कोण कुणाचा हात धरतं हे धरणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण ती चप्पल अगदी खरी आहे. वाचणाऱ्यांना हाच भाग सगळ्यात आवडला, असं वहिनी जराशा नाराजीनंच म्हणाल्या. हिमाचलला माणशी खर्च किती आला, ते मी त्या वेळी विचारलं नाही.

खरी पंचाईत झालीय ती त्यांच्या यजमानांची. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस. टूरच्या पहिल्या दिवशी ते 32 नंबरवर होते, दोन्ही गुडघ्यांना नी-कॅप लावून. 31वर कोण असणार हे सांगायला नको. परवा त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"तुम्ही लेखक. हा 7 नंबरवाला कोण हो?"

मी म्हटलं, "काल्पनिक असतं ते."

"आमच्या बसमध्ये 7 नंबरपाशी टूर मॅनेजर उभा राहून अंताक्षरी घ्यायचा," ते म्हणाले. "उंच होता."

वहिनींना आता समुद्रावरची प्रेमकथा लिहायचीय, म्हणून डिसेंबरमध्ये केरळ ठरलंय. यजमानांनी अजून पैसे भरलेले नाहीत. आधी कंपनीला फोन करून, या वेळी टूर मॅनेजर कोण येणार आणि त्याचं वय काय, याची चौकशी चाललीय.