खारातल्या काकडीचे कुरकुरीत काप

वैशाखातील दुपारी झाशीच्या स्वयंपाकघरात कढई चढवणे किती जिवावर येते, हे या प्रांती एखादा उन्हाळा काढलेल्या गृहिणीलाच ठाऊक. बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात, ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद, आणि खिडकीतून येणारी ती धगधगती झळ, जिला इकडे ‘लू’ म्हणतात. तरीही चार वाजले की घरातील मंडळींना चहाबरोबर काहीतरी चुरचुरीत हवेच असते. आज जो पदार्थ आपल्यापुढे ठेवीत आहे, त्याला कढई लागत नाही. मात्र त्याची दुसरी एक बाजू आहे, आणि ती मला उशिरा उमगली. म्हणून ती आधी सांगते.

आमच्या सासूबाईंना रक्तदाबाचा विकार आहे. वैद्यांनी तळण बंद केले, तेव्हापासून त्यांचे जेवणातील लक्षच उडाले. झाशीत मराठी कुटुंबे नारो शंकरांच्या काळापासून, म्हणजे १७४२ च्या सुमारापासून नांदत आली आहेत. अशा घरांतून बोली बदलली, भाकरीची जागा फुलक्यांनी घेतली. परंतु लोणच्याची बरणी मात्र हलली नाही. सासूबाईंचे माहेर असेच जुने. कोकणात खारातल्या कैऱ्या असतात, तशी त्यांच्या घरी खारातली काकडी असे, आणि पाहुणे आले की तीच पिठात बुडवून तळली जाई. त्या भज्यांची आठवण निघाली नाही असा आठवडा जात नसे. गेल्या वर्षी मुलाने एअर फ्रायर आणला, आणि त्यांना ती चव पुन्हा देता येईल अशी मला आशा वाटली.

खारवलेली काकडी तळण्याची कल्पना आपल्याच घरची असे मात्र समजू नका. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात ॲटकिन्स नावाचे एक गाव आहे. तेथील एका लोणच्याच्या कारखान्यासमोर बर्नेल ऑस्टिन या गृहस्थांचे उपाहारगृह होते, आणि त्यांनी १९६३ साली तळलेल्या लोणच्याचे काप विकावयास आरंभ केला. एअर फ्रायर तर अगदी अलीकडचा. फिलिप्स कंपनीने तो २०१० मध्ये बाजारात आणला. त्याच्या नावात तळणे असले तरी तो तळत नाही. वर तापणारी तार आणि तिच्याजवळ जोराने फिरणारा पंखा अशी ती लहानशी भट्टीच आहे. कढईतील तेल पदार्थाला सर्व बाजूंनी वेढून त्याच्या कडेचे पाणी क्षणात उडवते. हवा तेलाइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून वेळ अधिक लागतो आणि ओल्या पदार्थाची तिथे फजिती होते. माझी पहिली खेप अशीच वाया गेली. भज्याचे पीठ मी नेहमीसारखे सैल केले, ते जाळीतून खाली गळाले, आणि वर उरली ती लिबलिबीत उघडी काकडी. दुसऱ्या खेपेस कोरडा पावाचा चुरा लावला, तो पंख्याने उडवून दिला. सासूबाईंनी तो काप उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हे भजे की शिक्षा?”

आता जमलेली रीत सांगते. काकडी कोवळी, बारीक बियांची घ्या. येथे नव्याने आलेल्या मराठी भगिनींसाठी एक सूचना: आपण जिला काकडी म्हणतो ती मागताना ‘खीरा’ म्हणा, ‘ककड़ी’ म्हटले की भाजीवाला नदीकाठच्या वाळूतली लांब, बारीक, वाकडी जात हाती देतो. ती कच्ची खाण्यास उत्तम, परंतु या कामाची नव्हे. अर्धा किलो काकडी धुऊन तिची दोन्ही टोके कापून टाका. फुलाकडच्या टोकाशी काकडीला मऊ पाडणारा अंश असतो, म्हणून ते टोक राहता कामा नये. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २५ ग्रॅम मीठ विरघळवा. काचेच्या स्वच्छ, कोरड्या बरणीत काकडी, मोहरीची भरड, दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या चार पाकळ्या घालून वर ते पाणी ओता. काकडी पाण्याखाली बुडलेलीच राहील असे लहानसे वजन ठेवा. झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू धरतो. थंडीत आंबट होण्यास आठवडा लागतो; उन्हाळ्यात दोन दिवसांत काम होते, आणि तिसऱ्या दिवशी बरणी शीतकपाटात न गेल्यास काकडीचा लगदा होतो. पाणी गढूळ होणे ठीकच. वर पांढरी साय धरली तर काढून टाका. पण काळी वा गुलाबी बुरशी दिसली, तर बरणीतले सगळे टाकून द्यावे, जीव हळहळला तरी.

काप बोटाच्या अर्ध्या जाडीचे करा आणि स्वच्छ पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून निदान पाव तास कोरडे होऊ द्या. शिळ्या पावाच्या चार चकत्यांचा चुरा करून तो तव्यावर दोन चमचे तेलात बदामी होईपर्यंत परता. सारे मर्म यातच आहे: एअर फ्रायर कोरड्या चुऱ्याला नीट रंग आणत नाही, म्हणून रंग आधीच आणावयाचा. चुऱ्यात तिखट, ओवा आणि किंचित हळद घाला. मीठ घालू नका. आता काप प्रथम तांदळाच्या पिठीत घोळवा, मग बेसनाच्या दाट, चमच्याला चिकटून राहील अशा पिठात बुडवा, आणि शेवटी चुऱ्यात दाबून घ्या. अर्धा तास शीतकपाटात ठेवल्यास चुरा पक्का बसतो. यंत्र २०० अंशांवर चार मिनिटे तापवून घ्या, काप एकमेकांवर न चढवता एकाच थरात मांडा, आणि आठ ते दहा मिनिटे ठेवा. मध्ये एकदा उलटा. १५०० वॅटच्या यंत्राला दहा मिनिटांत सुमारे पाव युनिट वीज लागते. तथापि ते साध्या लहान प्लगवर लावू नका, मोठ्या पॉवर प्लगवरच लावा. जुन्या वाड्यांतील तारा हा भार सोसतीलच असे नाही.

तेलाचे दोन-तीन चमचे सोडले तर त्यात तळण नाही, या आनंदात मी सासूबाईंना रोज दहा-बारा काप देऊ लागले. त्यांच्या चेहऱ्यावर टवटवी आली. महिन्याने वैद्यांकडे गेलो तेव्हा मी मोठ्या अभिमानाने हा प्रकार सांगितला. त्यांनी ऐकून घेतले, रक्तदाबाचा आकडा मला दाखवला आणि दोनच शब्द विचारले, “और नमक?”

घरी येऊन हिशेब केला. अर्धा किलो काकडी आणि अर्धा लिटर पाणी यांत २५ ग्रॅम मीठ, म्हणजे मुरल्यावर किलोमागे तेवढेच. दहा कापांचे वजन सुमारे ५० ग्रॅम, त्यात सव्वा ग्रॅम मीठ, शिवाय पावातले निराळे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. म्हणजे दिवसाचे चतुर्थांश मीठ मी केवळ चहाबरोबर वाढीत होते, आणि तेल वाचवले म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होते!

काप बंद केले नाहीत. आता ते करण्यापूर्वी साध्या पाण्यात तासभर भिजवते आणि ते पाणी एकदा बदलते. मीठ पुष्कळ निघून जाते, आंबटपणाही थोडा जातो, म्हणून चुऱ्यात आमचूर घालते. सोबतच्या दह्यात मीठ नाही, भाजलेल्या जिऱ्याची पूड तेवढी. आठवड्यातून दोनदा, आणि पाचच काप. ज्यांना मीठ वर्ज्यच सांगितले असेल त्यांनी आपल्या वैद्यांना विचारल्यावाचून एवढेही घेऊ नयेत. सासूबाईंनी प्रथम कुरकुर केली. हल्ली त्या चार काप खातात, पाचवा नातवाला देतात, आणि तो पाठमोरा झाला की त्याच्या ताटलीतून एक उचलतात. मी पाहून न पाहिल्यासारखे करते.

काप उरलेच तर डब्यात झाकून ठेवू नका, वाफ धरून ते मऊ पडतात. जाळीवर उघडे ठेवा आणि खाण्यापूर्वी तीन मिनिटे पुन्हा तापवा.