पॅसिव्ह इन्कम नावाची थाप

परवा हापिसात एकाने दुसऱ्या फ्लॅटचे पेढे वाटले. वाकडला, टू बीएचके. "राहायला नाही रे, इन्व्हेस्टमेंट! भाडं आपोआप येत राहतं. पॅसिव्ह इन्कम!" पेढा खाल्ला, पण ते 'आपोआप' काही घशाखाली उतरेना.

कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच बरळत होतो. बाबांचा फंड आणि माझं कर्ज असं जुळवून पिंपळे सौदागरला जुना वन बीएचके घेतला, ब्रोकरमार्फत भाड्याने दिला आणि दीड वर्ष तिकडे फिरकलो नाही. भाडेकरूने दोनदा मेसेज केला, बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी 'बघतो' म्हणून सोडून दिलं. पावसाळ्यात त्याच्या बायकोला त्याच नळाचा जोरात झटका बसला. कडेवर सहा महिन्यांचं पोर. दोघंही वाचली, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर ईएलसीबी बायपास केलेला, अर्थिंगचा पत्ता नाही. सारखा ट्रिप होतो म्हणून आधीच्या कुणीतरी केलेला उद्योग. ईएलसीबीवर 'टेस्ट'चं एक बटण असतं. दाबलं की घरातली वीज जायला हवी, नाही गेली तर गडबड आहे. एका सेकंदाचं काम! घर घेताना मी टाइल्सचा रंग पाहिला, ते बटण नाही दाबलं.

मंडळी, हापिसात सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली तरी रात्री दोनला आपला फोन वाजतो. लाखोंच्या घराला मात्र मॉनिटरिंग शून्य. वर म्हणायचं, "भाडेकरू राहतो ना, त्याने बघावं." का बरं? भिंतीतला पाइप त्याने टाकला की वायरिंग त्याने केलं? आणि तो घर सोडताना डिपॉझिटमधून पेंटिंगचे पैसे कापायला आपण टॉर्च घेऊन हजर!

खर्च परवडत नाही म्हणता? घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नसला तरी! ती सगळे न चुकता घेतात. दुरुस्तीचं नाव काढलं की मात्र पेंटर पाठवतात. अरे, ओलीवर रंग लावून काय होणार? नहाणीच्या फरशीतून झिरपणारं पाणी सळ्यांपर्यंत पोचलं की त्या गंजतात, फुगतात आणि स्लॅबचं प्लॅस्टर पडतं. तेही आपल्या नाही, खालच्या घरातल्या माणसाच्या डोक्यावर.

नवा फ्लॅट असेल तर दुर्लक्ष आणखी महागात पडतं. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दाखवायला आधी दिसायला तर हवा ना! कुलूप उघडून आत पाऊल टाकल्याशिवाय तो दिसणार कसा?

वर्षातून दोन शनिवार पुरतात. एक मे महिन्यात, एक पहिल्या मोठ्या पावसानंतर. भाडेकरूला आधी विचारून, त्याच्या सोयीने जायचं. ईएलसीबी, गिझर, बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी, खिडक्यांखालची ओल, सिंकखालचा पाइप बघायचा. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छतही बघायचं. आणि मुख्य म्हणजे भाडेकरूला विचारायचं, काही त्रास आहे का? त्याला सगळं माहीत असतं, आपणच विचारत नाही.

हेही जमणार नसेल तर सरळ म्युच्युअल फंडात पैसे टाका. तिथे 'बघतो' म्हणून विसरलात तर नुकसान फक्त तुमचं होईल.

असो. पेढेवाल्याला मी विचारलं, ताबा घेताना टेस्टचं बटण दाबलंस का?

"कुठे असतं ते?"