निवड यादीत नाव नसलेला मुलगा

शाळा सुटली की मुलगा मैदानावर जातो तो मगरिबच्या अजानला घरी येतो. बूट झिजलेत, कोपरं सोललीत. आणि शाळेच्या क्रिकेट संघाची यादी लागते तेव्हा त्याचं नाव तिच्यात नसतं. सलग दुसऱ्या वर्षी. घरात मग दोन सूर निघतात. मामू म्हणतात, "श्रीरामपूरचा झहीर खान नाही का झाला? हाही होईल." अब्बा म्हणतात, "बस झालं, आता पुस्तकं उघड."

मला दोन्ही पटत नाही. झहीर खानने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले, हे खरंच. पण लहानपणी त्याच्यासोबत खेळलेली बाकीची मुलं पुढे काय करू लागली, हे मामू सांगत नाहीत. आणि अब्बांनी तरी तेराव्या वर्षीच निकाल का लावावा? शालेय स्पर्धांच्या १४ वर्षांखालील गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात. त्या वयात अकरा महिन्यांचा फरक उंचीत, खांद्यांत दिसतो. शिवाय कुणी बाराव्या वर्षी ताडमाड होतो, कुणी पंधराव्या. (मुलींची वाढ आधी होते, आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच त्यांचं मैदान सुटतं. त्यावर एकदा स्वतंत्र लिहायचं आहे.)

पण थांबून पाहायचं म्हणजे खोटं कौतुक करायचं नव्हे. "बेटा, तूच सगळ्यांत भारी," असं अम्मी म्हणते तेव्हा मुलाला पक्कं ठाऊक असतं, वर्गातला कोण आपल्यापेक्षा सरस खेळतो ते. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच बोलावं. "आज भर उन्हात शेवटपर्यंत धावलास," हे त्याला खरं वाटतं. यादी लागते त्या संध्याकाळी तर काहीच बोलू नये, जेवायला वाढावं. चार दिवसांनी प्रशिक्षकांना गाठून विचारावं, की हा कुठे कमी पडतो आणि ते शिकून येण्यासारखं आहे का. "हा पुढे जाईल का?" हा प्रश्न त्यांना टाकू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं.

पैशांचं मात्र उघड बोला. अकादमीची फी, किट, प्रवास यांवर वर्षाला किती झेपेल तो आकडा ठरवा आणि मुलालाही सांगा. उसनवारी करून इंग्लिश विलोची बॅट आणू नका; या वयात काश्मिरी विलो पुरते. कर्जाच्या बॅटने खेळणारं पोर बाद झालं की आधी गॅलरीत अब्बांचा चेहरा शोधतं.

आणखी एक. चाचणीत गुण घसरले की बॅट माळ्यावर टाकायची, ही आपल्या घरांची जुनी सवय. वीस वर्षं वर्गात उभी राहून सांगते, मैदान बंद केलेलं मूल तो वेळ पुस्तकाला देत नाही, मोबाइलला देतं. अभ्यासाची वेळ ठरवून द्या, खेळाचा तास शिक्षेत धरू नका.

सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत बहुतेकांना आपली मजल स्वतःच कळते. तेव्हा खेळाच्या आसपासची कामं त्याच्यासमोर ठेवा. राज्य क्रिकेट संघटना पंचांच्या परीक्षा घेतात. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत लागता येतं. आणि आमच्या तालुक्यातल्या सामन्यांना तर अजूनही धड स्कोअर लिहिणारा मिळत नाही.