जुने भगंदर आणि न पाठवलेला तुकडा

अवघड जागेचे दुखणे सांगण्यापेक्षा सोसण्याकडे आपला कल असतो. भगंदर त्यातलेच. गुदद्वाराजवळ गळू होते, फुटते, बरे वाटते आणि काही आठवड्यांनी तिथूनच पुन्हा पू येऊ लागतो. रुग्ण आत कापडाची घडी ठेवतो, खुर्चीवर एका अंगाला कलून बसतो. घरातही वाच्यता करत नाही. अशी वर्षे काढणारी माणसे थोडीथोडकी नाहीत.

त्यांतल्या बहुसंख्यांना कर्करोग होत नाही, हे आधी निःसंदिग्धपणे सांगायला हवे. भगंदरातून कर्करोग उद्भवणे अतिशय दुर्मीळ आहे. पण जिथे तो उद्भवतो तिथे बहुधा वर्षानुवर्षे, अनेकदा १० वर्षांहून अधिक काळ, वाहत राहिलेला भगंदराचा मार्ग असतो. कायमच्या दाहामुळे पेशी सतत झडतात, नव्याने तयार होतात आणि त्यात बिघाडाची शक्यता वाढत जाते. क्रोन्स हा आतड्याचा आजार असलेल्यांनी तर अधिक सावध राहावे.

खरी मेख निदानात आहे. हा कर्करोग अनेकदा चिकट श्लेष्म तयार करणारा, म्युसिनस ॲडेनोकार्सिनोमा प्रकारचा असतो. तो मार्गात खोलवर वाढतो आणि गुदाशयाचे अस्तर मात्र निरोगी दिसते. त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीत काहीच न सापडण्याची शक्यता असते. वरवरचा तुकडा तपासला तर अहवालात नुसता दाह येतो, आणि रुग्णासह डॉक्टरही निर्धास्त होतात. जुन्या भगंदरातून पुवाऐवजी जेलीसारखा स्राव येऊ लागला, कडक गाठ लागली, रक्त दिसले किंवा दुखण्याची जातच बदलली, तर एमआरआय करून, भूल देऊन, खोलवरचे अनेक तुकडे तपासायला हवेत. उशीर झाला की गुदाशय आणि गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावण्याची वेळ येते.

सुश्रुताने भगंदराची गणना आठ महाव्याधींत केली. त्याच परंपरेतले क्षारसूत्र, म्हणजे मार्गात बांधायचा औषधी दोरा, आजही उपयोगी पडते. उपचार कोणता निवडावा, हा आमचा वाद नाही. आमचा आग्रह एवढाच, की दोरा बांधला काय किंवा शस्त्रक्रिया केली काय, मार्गातून खरवडून निघालेला ऊतकाचा भाग कचऱ्यात न जाता फॉर्मेलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजिस्टकडे गेला पाहिजे. ‘बिनऑपरेशन, हमखास गुण’ अशा पाट्या लावलेल्या ठिकाणी तर हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा आणि अहवाल जपून ठेवावा.

दुर्मीळ आजारासाठी प्रत्येकाला खर्चात का पाडायचे, असा आक्षेप येईल. आपल्या देशात त्याला ठोस उत्तर आहे. भगंदराच्या मुळाशी कधी कधी क्षयरोग असतो आणि तोही याच तुकड्यात सापडू शकतो. अशा रुग्णाला पुन्हा पुन्हा चिरफाड करून गुण येत नाही; त्याला क्षयरोगाचा काही महिन्यांचा औषधोपचार लागतो, आणि तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो.